बाकीच्या मुलांचं मैदान

पावसाचा जोर ओसरू लागला की महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत शालेय क्रीडा स्पर्धांची धांदल सुरू होते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा, अशा या पायऱ्या. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट. त्यात मुलांचे संघ वेगळे, मुलींचे वेगळे. सांघिक खेळात एका गटासाठी शाळेचा एकच संघ उतरतो. शाळेत त्या वयाची दीडशे मुलं असोत की पंधराशे, कबड्डीच्या संघात जागा मोजक्याच. एखाद्या दुपारी निवड चाचणी उरकते, नावं फलकावर लागतात आणि बाकीची मुलं वर्गात परततात. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात, म्हणजे पहिल्या फेरीतच जवळपास निम्मे संघ घरी जातात. कबड्डीचा सामना अर्ध्या-पाऊण तासाचा. याचा हिशेब मांडला तर निम्म्या शाळांची त्या खेळातली वर्षभराची स्पर्धा डझनभर मुलांपुरती आणि जेमतेम पाऊण तासाची ठरते. शेकडो मुलांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

या व्यवस्थेत राबणाऱ्या क्रीडाशिक्षकांबद्दल मला आदर आहे. संघ घेऊन एसटीने जाणं, मुलांच्या खाण्यापिण्याची सोय पाहणं, पडलेल्या मुलाला दवाखान्यात नेणं, हे सगळं ते करतात आणि पुष्कळदा पदरमोड करून करतात. प्रश्न त्यांच्या कष्टांचा नसून त्या कष्टांना आपण लावलेल्या दिशेचा आहे. माध्यमिक शाळेतले खेळ, नाटक, गाणं, चित्रकला, वक्तृत्व यांच्याकडे आपण गुणी मुलं वेचून काढण्याची सोय म्हणून पाहतो. माझ्या मते त्यांचं पहिलं काम वेगळं आहे. तेरा ते अठरा या वयात शरीर झपाट्याने बदलतं, आवाज फुटतो, स्वतःबद्दलच्या शंका वाढतात. त्या वयाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला हात-पाय, आवाज आणि कल्पना वापरायला जागा, वेळ आणि सोबती मिळणं, हे ते काम. निवड त्यानंतर. आपण हा क्रम उलटा लावला आणि बहुसंख्य मुलांना शाळेत असतानाच प्रेक्षक करून टाकलं.

कागदावर पाहिलं तर आपल्याकडे बरंच काही आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य मिळावं, असं म्हटलं आहे. मात्र हा कायदा आठवीपर्यंतच लागू होतो. नववीत पाऊल टाकताच, म्हणजे मुलांना मैदानाची सर्वात जास्त गरज असते त्या वयात, त्याचं संरक्षण संपतं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात पक्की भिंत नको, असं स्पष्ट सांगतं. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत आरोग्य व शारीरिक शिक्षण आहे, जलसुरक्षाही आहे. या विषयांना गुण नसतात, श्रेणी असते, आणि श्रेणीचे विषय वेळापत्रकात सर्वात आधी बळी जातात. दिवाळीनंतर दहावीचा खेळाचा तास गणित-विज्ञानाच्या उजळणीला दिला जातो आणि प्रगतिपुस्तकात मात्र ‘अ’ श्रेणी उमटते. अकरावी-बारावीत तर नीट, जेईई आणि सीईटीच्या क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयांची चलती आहे. तिथे कित्येक ठिकाणी मैदान सोडाच, इमारतीबाहेर उभं राहायला अंगणही नसतं. वयाची सोळा ते अठरा ही वर्षं वर्ग, क्लास आणि अभ्यासिका यांच्या त्रिकोणात जातात.

याची किंमत शरीर मोजतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या संशोधकांनी २०१६पर्यंतच्या आकडेवारीवरून काढलेल्या अंदाजानुसार जगातली ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं-मुली हे प्रमाण गाठत नाहीत. मुलांमध्ये हा आकडा ७८ टक्के, मुलींमध्ये ८५.

मुलींचा आकडा जास्त का, हे आपल्या तालुक्यांत पाहिलं की समजतं. खेळाचा सराव शाळा सुटल्यावर असतो आणि गावाकडे जाणारी बसही शाळा सुटल्यावरच असते. ती चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नसतो. शाळेत मुलीला कपडे बदलायला आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांत धड स्वच्छतागृह नसतं. घरी भावासाठी संध्याकाळ मैदानाची असते, तर तिच्यासाठी पाणी भरण्याची आणि भाकरीची. यातलं एकही कारण तिच्या आवडीशी किंवा कुवतीशी निगडित नाही. तरी अहवालात लिहिलं जातं की मुलींचा प्रतिसाद कमी आहे.

प्रतिसाद हा संधीच्या मागून येतो, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. तिथे १९७२मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने बंदी केली आणि शालेय खेळ त्याच्या कक्षेत आले. १९७१-७२मध्ये तिथल्या हायस्कूलच्या खेळांत तीन लाखांहूनही कमी मुली होत्या. २०१८-१९मध्ये हा आकडा ३४ लाखांच्या घरात होता. एवढ्या काळात मुलींचे स्नायू बदलले नाहीत. संघ निघाले, प्रशिक्षक नेमले गेले, मैदानावर त्यांच्यासाठी वेळ राखला गेला. अमेरिकेचं सगळंच उचलावं असं नाही. तिथेही निवड चाचणीत मुलं गाळली जातात आणि काही खेळांवर भरमसाट खर्च होतो. पण दार उघडलं की मुली येतात, हे त्या आकड्यांनी सिद्ध केलं आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळ्यांनाच खेळवत बसलो तर पदकं कशी मिळणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्य मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. तेव्हा निवड करून निवासी प्रशिक्षण देणारी व्यवस्था हवीच, तिच्यावर खर्चही वाढवायला हवा. पण चाळणी कितीही उत्तम असली तरी तिच्यात ओतलेलं धान्यच मूठभर असेल, तर हाती काय उरणार? क्रीडा प्रबोधिनीच्या दारापर्यंत कोण पोचतं, हे गावातल्या शाळेत किती मुलं खेळली यावरच ठरतं.

शिवाय चौदाव्या वर्षी घेतलेली चाचणी फारसं काही सांगत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळायच्या. पुढे त्या धावण्याकडे वळल्या आणि २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज शाळकरी वयात क्रिकेटइतकीच हॉकीही खेळली. आज आपण तिला ओळखतो ते क्रिकेटसाठी. एका खेळात कमावलेला दम आणि चपळाई दुसऱ्या खेळात कामी येते, पण त्यासाठी मुलीला आधी कुठल्यातरी मैदानावर टिकून राहता आलं पाहिजे. पहिल्याच चाचणीत नाव न आलेली मुलगी पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि तिच्यात काय होतं ते कोणालाच कळत नाही.

आपण शोधलेला उपाय म्हणजे वाढीव गुण. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पातळीनुसार दहावी-बारावीच्या निकालात क्रीडागुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षणही आहे. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांचं अभ्यासात नुकसान होऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण ही सवलत वरच्या पायऱ्या चढलेल्यांनाच मिळते. वर्षभर आवडीने खेळलेल्या साध्या मुलाच्या नशिबी ती नाही. आणि खेळण्याचं कारणच गुण ठरलं की गुण पदरात पडताच खेळ सुटतो. पालक कोणत्या खेळात गर्दी कमी आहे याची चौकशी करतात. नोकरीच्या आरक्षणासाठी तर बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीस आली आहेत. बक्षीस मोजक्यांना आणि मोठं ठेवलं की वाटेत दलाल उभे राहणारच.

कलांची स्थिती फारशी वेगळी नाही. स्नेहसंमेलन आता अनेक शाळांत बाहेरून बोलावलेल्या नृत्यदिग्दर्शकाच्या हाती गेलं आहे. रेकॉर्डवर वाजणारं चित्रपटगीत, भाड्याचे पोशाख आणि दरवर्षी पुढच्या रांगेत तीच वीस-पंचवीस मुलं. मुलांनी स्वतः लिहिलेली नाटुकली, हाताने रंगवलेला पडदा, तबला-पेटीवर बसलेला आपल्याच वर्गातला मुलगा हे दुर्मीळ होत चाललं आहे. याउलट कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा पाहा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव करून कोणताही विद्यार्थी या परीक्षांना बसू शकतो. शाळेतून एकच जण, अशी अट नाही. राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या या निमित्ताने पेन्सिल धरायला शिकून घेतलं. त्यातले बहुतेक चित्रकार झाले नाहीत, पण आयुष्यभर नीट पाहायला शिकले. इथेही वाढीव गुणांपायी ठरावीक साच्याची चित्रं घोटून घेणं वाढलं आहे, हे खरं. तरीही दार सर्वांना खुलं ठेवून राज्यभर एखादा उपक्रम चालवता येतो, याचा हा आपल्याच घरचा पुरावा आहे.

जागा नाही, शिक्षक नाहीत, वेळ नाही, या तीन अडचणी खऱ्या आहेत. पण कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, खो-खोचं २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. जिथे शाळेच्या अंगणात प्रार्थनेला पाचशे मुलं उभी राहतात, तिथे यातलं एक तरी मावतं. शहरातल्या ज्या शाळांना अंगणच नाही, त्यांच्यासाठी महापालिकेने शेजारची उद्यानं आणि मैदानं सकाळच्या ठरावीक तासांना राखून ठेवावीत. शिक्षकांची कमतरता मोठी आहे आणि भरतीशिवाय ती भरून निघणार नाही. मात्र पंचगिरी, गुणलेखन, आखणी ही कामं नववीच्या मुलांना शिकवून करून घेता येतात, आणि तेही शिक्षणच आहे. वेळेबाबत मुद्दा इतकाच, की सराव शाळेच्या वेळेत झाला पाहिजे. शाळा सुटल्यानंतरचा सराव म्हणजे बसने येणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आणि शेतात हातभार लावणाऱ्या मुलांना परस्पर वगळणं.

रचना अवघड नाही. शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाचवीपासून चार गटांपैकी एकात घाला. प्रत्येक गटाचे, प्रत्येक वयाचे, जमतील तेवढे संघ करा. त्यांचे सामने बाद पद्धतीने न खेळवता साखळी पद्धतीने खेळवा, म्हणजे हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात सामना असेल. ज्यांना मैदान नको त्यांना नाटक, वाद्य, भित्तिपत्रक, बागकाम, विज्ञान मंडळ यांतलं काही निवडू द्या. निवडायचं काहीच नाही, हा पर्याय मात्र ठेवू नका. तालुक्याला जाणारा संघ याच सामन्यांतून निघेल, आणि एका दुपारच्या चाचणीपेक्षा नक्कीच चांगला निघेल.

सामान्य कुवतीच्या मुलाला यातून काय मिळतं, हे खो-खोत स्पष्ट दिसतं. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि मिळाला की क्षणही दवडायचा नाही. आपली पाळी कधी येईल ते माहीत नसताना जागं राहणं, पाळी आली की जबाबदारी घेणं आणि दमलो की ती दुसऱ्याच्या पाठीवर विश्वासाने सोपवणं, हे त्या मातीत अंगात मुरतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून ते येत नाही. पराभवानंतर समोरच्याशी हात मिळवणं, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध गेला तरी मानणं, आपल्यापेक्षा कच्च्या साथीदाराला सांभाळून घेणं या गोष्टींची गरज पदकविजेत्यांइतकीच पुढे गिरणीत, बँकेत, शेतात, संसारात असणाऱ्या सगळ्यांना असते. लोकशाहीला तर ती सर्वांत जास्त असते.

म्हणून शाळांना जाब विचारण्याची रीत आपण बदलली पाहिजे. वार्षिक अहवालात मुख्याध्यापक ढाली आणि करंडकांची यादी वाचतात, ती वाचू द्या. पण तिच्याआधी त्यांनी एक आकडा सांगावा: या वर्षी एकही सामना न खेळलेली, एकदाही रंगमंचावर न गेलेली, कोणत्याही मंडळात नसलेली मुलं किती? तोच आकडा शिक्षणाधिकाऱ्यांनी तपासणीत मागावा, संस्थाचालकांनी बैठकीत विचारावा आणि पालकांनी प्रवेश घेताना पाहावा. तो दरवर्षी कमी होत गेला पाहिजे. ज्या शाळेत तो शून्यावर आला, तिच्या कपाटात एकही ढाल नसली तरी तिने आपलं काम चोख केलं, असं मी म्हणेन.