अचानक लागलेला ब्रेक



गेल्या पावसाळ्यात शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला निघालो होतो. एका वळणावर वासरू आडवे आले. माझा पाय जोरात मागच्या ब्रेकवर पडला, चाक जाम झाले आणि मी गाडीसकट घसरलो. वासरू वाचले, मलाही फक्त खरचटले. धावून आलेले लोक म्हणाले, “फादर, तुमचा काय दोष? अचानक झाले!”

पण वासराच्या जागी शाळेतून परतणारे मूल असते तर? विचार करायला वेळच मिळाला नाही, अशा कृतीची जबाबदारी कोणाची?

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. मागचे चाक हलके होऊन चटकन जाम होते. म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. आपण मात्र ऐकत आलो, “पुढचा दाबू नको, तोंडावर आपटशील.” तो एकदम आवळला तर धोका खराच. पण आधी हलका, मग वाढत्या जोराने दाबला आणि मागच्याची जोड दिली, तर गाडी कमी अंतरात थांबते. वेग कमी करायचा तो वळणाआधी, वळणात नव्हे. २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. तरीही वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, ते कोणत्याही यंत्राने टळत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, अचानक आलेल्या संकटात माणसाचे धैर्य अधिक कळते, कारण तिथे तयारीला वेळ नसतो, अंगी मुरलेली सवयच कामी येते. आणि सवय सरावाने घडते. त्या वळणावर मी काही निवडले नाही, हे खरे. पण इतकी वर्षे गाडी चालवून थांबण्याचा सराव एकदाही केला नाही, ती निवड माझीच होती. माझा दोष त्या एका क्षणातला नव्हता, त्याआधीच्या वर्षांतला होता. रागाच्या भरात घरच्यांना बोललेल्या शब्दांचेही असेच असते.

आता मी कोरड्या, रिकाम्या मैदानात हळू वेगाने सराव करतो. आपली मुले कसारा आणि माळशेज घाटांतून ये-जा करतात. त्यांच्या हाती चावी देण्याआधी त्यांना थांबायला शिकवा.

आपला,
फादर