हात वेळीच थांबावा

पॉलिमर क्लेची छोटी तबकडी तुम्ही पाहिली असेल. अंगठी, कानातलं ठेवण्यापुरती. ही माती खरं तर प्लास्टिकची. ती हवेत सुकत नाही, ओव्हनच्या मंद आचेतच पक्की होते. म्हणून करणाऱ्याला घाई नसते. निळा, पिवळा, तांबडा गोळा एकत्र घ्यायचा, पिळायचा, मळायचा. हळूहळू रेघा उमटतात, कुंचल्याने ओढल्यासारख्या. निळा पिवळ्याला भिडतो, तिथे हिरवी कड दिसू लागते. नेमका तेव्हाच हात थांबावा. आणखी मळलं, की सगळे रंग हरवतात आणि एकच मळकट रंग उरतो. त्यातून निळा पुन्हा वेगळा काढता येत नाही.

माणसांशी वागतानाही हात वेळीच थांबावा. मुलाने काढलेलं चित्र आपण नीट करायला जातो. सुनेच्या आमटीत आपली चव आणू पाहतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण त्या प्रेमात समोरच्याचा रंग पुसला जातो. जवळ जावं, मिसळावंही. फक्त हात वेळीच थांबावा.

आज घरात कुणी आपल्या पद्धतीने काही करत असेल, तर करू द्या. आणि झाल्यावर, छान झालंय, एवढं आवर्जून सांगा.