घराचे माप कोणाच्या अंगाचे?

शिंप्याने अंगाचे माप घ्यावे तसे वास्तुशिल्पज्ञाने राहणाऱ्याच्या जीवनाचे माप घ्यावे, असे आजकाल सांगितले जाते. लाकडी सांगाड्याच्या घरात हे विशेष साधते. कारण तेथे छपराचा भार खांब आणि तुळया पेलतात, भिंती केवळ आडोशापुरत्या. आपल्या जुन्या घरांतही दोन खांबांमधल्या जागेला 'खण' म्हणत, आणि घर मोजायचे ते खणांनी. परंतु माप घ्यावयाचे ते कोणाचे?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ल कॉर्ब्युझिए याने १९५२ साली सुटीसाठी एक लाकडी खोपटे उभारले. लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर. बिछाना, टेबल, कपाट, सारे त्याच्या सवयींबरहुकूम. स्वयंपाकघर मात्र नाही, जेवण शेजारच्या खाणावळीत. एका माणसाच्या मापाचे इतके नेमके घर क्वचितच पाहावयास मिळेल. तेथे आजारी आईला कोठे निजवणार, हा प्रश्न त्या खोपट्याला विचारणे अन्यायाचे होईल. पण आपल्या घरांना तो विचारावाच लागतो.

वॉल्टर सेगल या वास्तुशिल्पज्ञाचा मार्ग निराळा होता. लंडनच्या लुइशम भागात, उताराच्या म्हणून नगरपालिकेला नको असलेल्या जमिनींवर, घरासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या कुटुंबांनी १९७९ पासून त्याच्या पद्धतीने स्वतःच्या हातांनी लाकडी घरे बांधली. सांगाडा जमिनीवर आडवा जुळवायचा आणि शेजाऱ्यांनी मिळून उभा करायचा. फळ्या बाजारात मिळतात त्याच मापाच्या. आतल्या भिंती भार घेत नसल्यामुळे पुढे हलवता येत. बांधणारी मंडळी सुतार नव्हती, हे मला फार आवडते.

माझे घर विटांचे, भार घेणाऱ्या भिंतींचे. बांधले तेव्हा आम्ही चौघे होतो. नकाशात माझ्या पुस्तकांना जागा होती, मुलांच्या अभ्यासाला होती. पुढे बाबांना पक्षाघात झाला आणि ते आमच्याकडे आले. चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून जाईना. भिंत काढावी तर वरचा मजला तिच्यावरच टेकलेला. बाबा सात महिने दिवाणखान्यात, पडद्याआड निजले. पाहुणे आले की ते भिंतीकडे तोंड करून पडत. दोष विटांना देणे सोपे आहे. नकाशा काढताना बाबा हयात होते, थकत चालले होते, आणि ते कधी येतील हा विषय आम्ही दोघांनीही काढला नव्हता. सरकत्या भिंतीदेखील सरकवण्याची इच्छा असेल तरच सरकतात.

याचा अर्थ परदेशी गेलेल्या मुलांसाठी चार खोल्या बांधून कुलूपबंद ठेवाव्यात, असा मुळीच नाही. तशी घरे आपल्या आसपास पुष्कळ आहेत, आणि त्यांत वाळवीखेरीज कोणी राहत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने जुन्या सागवानी खांबांवर उभारावयाच्या तिच्या घराचा आराखडा मला दाखवला. सारे काही नीट होते. मी एवढेच विचारले, "खाट कोणत्या खणात मावेल?" कोणाची, हे तिने विचारले नाही. पुढच्या आराखड्यात न्हाणीघराशेजारचा खण मोकळा आहे, दार रुंद आहे, आणि त्या चौकोनात तिने काहीच लिहिलेले नाही.