शरणागत आणि आश्रयदाता

शरण आलेल्यास अभय द्यावें, हा धर्म आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे कीं, त्याविषयीं शंका काढणें हेंच कित्येकांस अधर्माचें वाटेल. परंतु शरण आलेला मनुष्य दीनदुबळा नसून कायदेमंडळाचा निवडलेला सभासद असला, प्राणभयानें नव्हे तर स्वतःच्याच सभागृहांत हजर राहावें लागूं नये म्हणून पळून आलेला असला, आणि आश्रय देणाराहि राजा नसून मतांवर निवडून आलेला पक्षपुरुष असला, म्हणजे या धर्माचें काय होतें? २०२५ सालीं अमेरिकेंत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

हकीकत थोडक्यांत अशी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत टेक्सस राज्याच्या ३८ जागा आहेत. मतदारसंघांच्या सीमा दर दहा वर्षांनीं, खानेसुमारीनंतर आखावयाच्या, ही तेथील सर्वसाधारण वहिवाट. परंतु २०२५ च्या उन्हाळ्यांत अध्यक्ष ट्रंप यांच्या आग्रहावरून टेक्ससच्या रिपब्लिकन बहुमतानें मध्येंच नवा नकाशा हातीं घेतला. पक्षाच्या पांच जागा वाढाव्या, हा त्यांतील हेतु कोणीं फारसा लपविलाहि नाहीं. राज्याच्या खालच्या सभागृहांत १५० सभासद. त्यांपैकीं रिपब्लिकन ८८ व डेमोक्रॅट ६२. मतदान झालें कीं पराभव ठरलेलाच. मात्र राज्याच्या घटनेप्रमाणें दोन-तृतीयांश, म्हणजे शंभर सभासद हजर असल्यावांचून काम चालत नाहीं. तेव्हां ३ ऑगस्ट रोजीं पन्नासांहून अधिक डेमोक्रॅट सभासदांनीं राज्य सोडलें. त्यांतील बरेचसे इलिनॉय राज्यांत शिकागोच्या परिसरांत उतरले, आणि तेथील गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर हे उघडपणें त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. (अमेरिकेंतील राज्याचा गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, तो लोकांनीं निवडलेला कारभारी असतो.) टेक्ससच्या सभापतींनीं पकडवॉरंटें काढलीं, गैरहजेरीस रोज ५०० डॉलर दंडाचा नियम होताच, आणि गव्हर्नर ॲबट यांनीं एका पुढाऱ्याचें सभासदत्व रद्द करावें म्हणून न्यायालयाकडे धांव घेतली. परंतु सभापतीचें वॉरंट राज्याच्या सीमेपलीकडे चालत नाहीं.

माझ्या एका विद्यार्थ्यानें त्या दिवसांत मला विचारलें, "सर, पळून जाणें हा सत्याग्रह होतो काय?" प्रश्न मोठा मार्मिक होता. सॉक्रेटिसाला तुरुंगांतून पळून थेसलींत जाण्याची सोय मित्रांनीं करून दिली असतां त्यानें ती नाकारली. गांधीजींनीं १९२२ सालीं अहमदाबादच्या न्यायालयांत आपणहून कडक शिक्षा मागून घेतली. अन्यायाचा प्रतिकार करणाऱ्यानें त्याचें प्रायश्चित्त स्वतःच्या देहावर घ्यावें, हा या दोन्ही उदाहरणांचा अर्थ. या कसोटीला लावल्यास टेक्ससचे सभासद उणे ठरतात, असें मीं प्रथम त्याला सांगितलें.

परंतु घरीं येऊन विचार करतां माझें उत्तर मलाच अपुरें वाटूं लागलें. सत्याग्रही तुरुंगांत गेला कीं त्याचा देह त्याच्या मताची साक्ष देतो. येथें उलट होतें. या सभासदांस धरून सभागृहांत आणून बसविलें असतें, तर त्यांचा देह त्यांच्या मताविरुद्ध मोजला गेला असता. त्यांच्या केवळ उपस्थितीनें शंभराचा आंकडा पुरा झाला असता. अर्थात् शरीर दूर ठेवणें हाच येथें प्रतिकार होता. दुसरें असें कीं, ज्या घटनेनें गणसंख्येची अट घालून अल्पमताच्या हातीं हें शस्त्र दिलें, तिनेंच गैरहजर सभासदांस बळानें आणण्याचा अधिकार उरलेल्यांस दिला आहे. म्हणजे पळणाराहि नियमाच्या आधारें पळतो आणि पकडणाराहि नियमाच्या आधारें पकडतो. यांत एकास देशभक्त आणि दुसऱ्यास जुलमी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण बरोबर नाहीं.

शिवाय हें शस्त्र एकाच पक्षाचें नाहीं. २०१९ सालीं ऑरेगॉन राज्यांत हवामानविषयक विधेयक अडविण्याकरितां रिपब्लिकन सिनेटर असेच निघून गेले होते. १८४० सालीं तर इलिनॉयच्याच सभागृहांत गणसंख्या मोडण्यासाठीं तरुण लिंकननें खिडकींतून उडी टाकली. एका पक्षाचा पळ आपणांस तेजस्वी वाटावा आणि दुसऱ्याचा भ्याड, तर आपण न्याय करीत नसून टाळ्या वाजवीत आहों. माझ्या मतें नियम एवढाच ठरवितां येईल: एखादें विधेयक नापसंत आहे म्हणून सभागृह बंद पाडणें गैर, परंतु ज्या मतदारांपुढें पुढें दाद मागावयाची, त्यांचीच वांटणी बहुमत आपल्या सोयीनें बदलूं लागलें, तर "पुढच्या निवडणुकींत पाहून घेऊं" हें लोकशाहीचें नेहमींचें उत्तर निरर्थक होतें. अशा वेळीं अल्पमताचा हा अखेरचा उपाय क्षम्य मानावा. टेक्ससच्या सभासदांचें जाणें मी या अर्थीं क्षम्य समजतों.

आतां आश्रयदात्याकडे वळूं. शिबि राजाची कथा आपण लहानपणीं ऐकतों, आणि त्याच्या मांडीवर आलेलें कबूतर आपल्या लक्षांत राहतें. पण त्या कथेचें मर्म ससाण्याच्या बोलण्यांत आहे. ससाणा म्हणतो, "तूं याला वांचविलेंस, पण माझा आहार हिरावलास, हा कोठला न्याय?" राजा त्या प्रश्नाला "तूं दुष्ट आहेस" असें उत्तर देत नाहीं. तो तराजू मागवितो आणि स्वतःचें मांस कापून पारड्यांत घालतो. अभय देण्याचा अधिकार त्याला या मांसानें मिळतो.

प्रिट्झकर यांच्या पारड्यांत काय होतें? २०१८ च्या निवडणुकींत त्यांनीं, पक्षपाती नकाशा आपल्यापुढें आला तर तो नाकारूं, असें अभिवचन दिलें होतें. २०२१ सालीं त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळानें आखलेल्या नकाशावर त्यांनीं सही केली. परिणाम असा कीं, इलिनॉयच्या १७ जागांपैकीं १४ डेमोक्रॅटांकडे गेल्या. आणि २०२४ सालीं त्या राज्यांत सुमारें ४३ टक्के मतें ट्रंप यांना पडलीं होतीं. उलट टेक्ससमध्यें त्याच सालीं सुमारें ४२ टक्के मतें कमला हॅरिस यांना पडलीं, व ३८ पैकीं १३ जागा त्यांच्या पक्षास मिळाल्या. टेक्ससमध्यें ज्या अन्यायापासून पळून सभासद आले, त्याच जातीचा अन्याय त्यांच्या यजमानाच्या घरांत आधींच नांदत होता.

येथें कोणी म्हणेल कीं, चोराच्या छपराखालींहि पाऊस लागत नाहीं. आश्रय तो आश्रय. हें मला मान्य आहे. यजमान निर्दोष नाहीं म्हणून पाहुण्याला दारांतून परत पाठवावें, असें मी म्हणणार नाहीं. दुसरा आक्षेप याहून बळकट आहे: प्रतिपक्ष शस्त्र परजीत असतां आपण एकट्यानेंच तें खालीं ठेवावें काय? व्यवहारांत याला चोख उत्तर नाहीं. परंतु "तोहि करतो म्हणून मी करतों" हें संरक्षण असूं शकेल. तो न्याय नव्हे. ज्याला न्यायाच्या नांवानें बोलावयाचें आहे, त्यानें निदान स्वतःच्या नकाशाचें नांव लाजेनें तरी उच्चारावें.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. सभासद १८ ऑगस्टला परतले, २० ऑगस्टला ८८ विरुद्ध ५२ मतांनीं नकाशा मंजूर झाला, आणि डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें २०२६ च्या निवडणुकीकरितां त्याचा मार्ग मोकळा केला. दरम्यान नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं टेक्ससला उत्तर म्हणून डेमोक्रॅटांस पांच जागांचा लाभ व्हावा असा नकाशा स्वीकारला. हिशेब जुळला, असें दोन्ही पक्ष म्हणूं शकतील. पण टेक्ससमधील एखाद्या डेमोक्रॅट मतदाराचें बुडालेलें मत कॅलिफोर्नियांतील रिपब्लिकन शेतकऱ्याचें मत बुडविल्यानें परत येत नाहीं. एकाचें कबूतर मेलें, म्हणून दुसऱ्याचें मारून तराजू समतोल झाला, इतकेंच.

माझ्या विद्यार्थ्याला मीं पुढें सांगितलें तें असें: पळालेल्यांस दोष देण्याची घाई करूं नकोस, आश्रय देणाऱ्याची स्तुति करण्याचीहि करूं नकोस. त्यानें पारड्यांत स्वतःचें काय घातलें, तेवढें आधीं पाहा.