मत गावात, मतदार बाहेरगावी

विदर्भात मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या लढाईने अहमदनगरची गादी कोणाची, हे ठरवले. तिथली सत्ता चालवणारा सरदार जमालखान पडला, बुऱ्हाण निजामशाहाला राज्य मिळाले. शेत कसणाऱ्याला कोणी विचारले नाही. पुढे १९३५च्या कायद्यानेही मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता, सारा किंवा शिक्षण पाहूनच दिला. राज्यघटनेच्या कलम ३२६ने ही अट काढली आणि सालदाराचे मत मालकाच्या मताइतके झाले.

हक्क मिळाला तो माणसाला. बजावायचा मात्र यादीतल्या गावीच. रोहिणखेडच्या यादीत नाव असलेला आणि पुण्यात बांधकामावर राबणारा एखादा मजूर घ्या. कामासाठी तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासीच राहतो, असे १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. म्हणजे त्याचे नाव शाबूत आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीही कायद्यात आहे. पण ती एका दिवसाची, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती मिळवून देणार कोण? जाऊन-येऊन दोन रात्री प्रवासात, मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, भाडे पदरचे. पुण्यात नाव नोंदवावे, तर साइट संपली की मुक्काम हलतो. आणि ज्या आमदाराकडे गावच्या पाण्याचा, पीकविम्याचा जाब मागायचा, तो निवडण्याचा हक्क जातो.

अडवणारा कोणी नाही, म्हणून ही अडवणूक दिसत नाही. मला ती मताधिकार नाकारण्याइतकीच गंभीर वाटते. मतदान केंद्र शक्यतो दोन किलोमीटरच्या आत असावे, ही आपल्याकडची रीत. गीरच्या जंगलात बाणेजला एकाच मतदारासाठी केंद्र उभारले गेले. त्याचा अभिमानच वाटतो. सैनिकाला टपाली मत आहे, २०२४पासून पंच्याऐंशी ओलांडलेल्यांच्या घरी मतपत्रिका जाते. अंतर हा राज्याने उचलायचा भार आहे, हे तत्त्व आपण कधीच मान्य केलेले आहे. मजुराच्या बाबतीत तेवढे ते थांबते.

मग तो भार उमेदवार उचलतो. विशेषतः ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शहरातून गावाकडे गाड्या निघतात, डिझेल-जेवणाची सोय होते. मतदारांची अशी फुकट ने-आण लोकसभा-विधानसभेला कायद्याने भ्रष्ट आचार ठरते. पण ज्याला स्वखर्चाने येणे परवडत नाही, त्याने त्या गाडीत बसू नये, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? गाडीतून उतरलेला माणूस मिंधा होऊनच केंद्रात शिरतो.

अशा मतदाराला आहे तिथूनच मत देता यावे म्हणून एका केंद्रावरून बहात्तर मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे यंत्र निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केले. पक्षांनी हरकती घेतल्या: परगावच्या केंद्रावर प्रतिनिधी कोण बसवणार, मजुरावर मुकादमाचा दबाव आला तर? शंका रास्त आहेत. पण विस्थापित काश्मिरींसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत खास केंद्रे वर्षानुवर्षे चालली आहेत. आधी नोंदणी करून पुण्यात किंवा सुरतेत विदर्भातल्या मजुरांसाठी तसे एखादे केंद्र, आधी कागदी मतपत्रिकेवर का होईना, चालवून पाहता येईल.