व्हई जाई

वैशाखातल्या वादळात बांधावरचा जुना कडुलिंब आडवा झाला. त्याच्या फांद्या उतरवून खोडाला हात घातला, तर अर्धवट कापलेलं खोड घरंगळलं आणि थेट चेनसॉवर बसलं. मशीन चालवणारा धडगावकडचा माणूस वेळेवर बाजूला झाला, मशीन खाली राहिली. बाहेर काढली तेव्हा मागची मूठ तुटली होती, चेनऑइलच्या टाकीला तडा गेला होता आणि पुढच्या हातासमोरची ढाल मुळापासून निघून आली होती. पंधरा वर्षांची मशीन. तिने आमच्या शिवारातली निम्मी बाभूळ कापली असेल.

नंदुरबारच्या मेकॅनिकने ती टेबलावर ठेवली, दोरी एकदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "व्हई जाई, आबा."

म्हणजे होऊन जाईल. हे दोन शब्द मला फार जवळचे आहेत. आमची शेती त्यांच्यावर चालते. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग पुन्हा भरलं जातं, पंपाचा शाफ्ट लेथवर चढतो, सुटा भाग ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेहून येईपर्यंत जुन्यालाच पॅकिंग लावून दिवस काढले जातात. सरदार सरोवराचं पाणी चढू लागलं तेव्हा अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांनी घरांचे सागाचे खांब उतरवून आणले आणि नव्या जागी उभे केले. इथे वस्तू सहजासहजी मरत नाही. म्हणून मशीन भंगारात घाला असं कुणी म्हटलं असतं, तर मला ते रुचलं नसतं.

इंजिन उघडल्यावर कळलं की खोड पडण्याच्या आधीपासूनच आत दुखणं होतं. पिस्टनच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं. मेकॅनिकचं पहिलं उत्तर ठरलेलं: बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू. राजदूत आणि आरएक्स 100 च्या जमान्यात हात बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? पण त्या गाड्यांना आतून बिडाची भिंत असे, ती कातून मोठी करता येई. चेनसॉचा सिलिंडर हलका, ॲल्युमिनियमचा, आणि आत निकेल किंवा क्रोमचा केसासारखा पातळ थर. बोअर मारला की तो थरच जातो. उलट थर शाबूत असेल तर सिलिंडर बदलायचीही गरज नसते. कॉस्टिक सोड्यात भिजवलेला बोळा जपून फिरवला की चिकटलेलं ॲल्युमिनियम विरघळतं, खालचा कठीण थर तसाच राहतो. आम्ही तेच केलं, हातमोजे घालून, दोन तास. भिंत स्वच्छ निघाली. मेकॅनिकने बोटाचं नख वरून खाली ओढलं, ते कुठेच अडलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता, आणि माझ्याही.

नव्या पिस्टनआधी जुना का जळाला हे शोधायला हवं होतं. नाहीतर नवाही त्याच वाटेने गेला असता. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. ते कमी पडलं, किंवा एखाद्या सीलमधून जादा हवा शिरली, की पिस्टन कोरडा पडून तापतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा खराब करतं, आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर हवेतली ओल ओढून घेतं. हा पडदा कडक झालेला निघाला. तो मिळण्यासारखा होता, सीलही मिळण्यासारखे होते. खर्च नव्या मशीनच्या निम्म्यापर्यंतही जात नव्हता. हिशेब दुरुस्तीच्या बाजूने सुटला होता.

अडकलं ते ढालीपाशी. ती नुसती ढाल नसते. चेन ज्याच्याभोवती फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की बार उसळून धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो, आणि चेन तेव्हा सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावत असते. उसळीत ढाल मनगटाला लागून पुढे ढकलली जाते, क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळतो आणि चेन क्षणात थांबते. हाच तिचा ब्रेक. आमच्या मशीनचा पट्टाही वाकला होता आणि त्या मॉडेलची ढाल आता बनत नाही. मेकॅनिक सहज म्हणाला, "तिच्यावाचूनही चालते."

चालते, हे खरंच. इंजिनाला ब्रेकची गरज नसते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स या लाकूडतोड्याने 1946 च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून चेनचा आजचा दात घडवला. ब्रेक रुळले ते 1970 च्या दशकात. मधली पंचवीस वर्षं मशीन उत्तम कापत होती, आणि तिचा दोष धरणारी माणसं अंगावर झेलत होती. दुरुस्तीचा आमचा क्रमही नेमका तसाच आहे: आधी इंजिन, मग टाकी, मग मूठ, आणि पैसे उरले तर ब्रेक. मला हा क्रम उलटा हवा. कारण पैसे मी देतो, पण मशीन मी धरत नाही. बांधावरचा साग तोडायचा तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. मी ती घेतली आहे. झाडाबद्दल लिहिलं, गट नंबर लिहिला. करवत कुणाच्या हातात असेल, हे लिहिल्याचं मला आठवत नाही.

कुऱ्हाडीचं असं नव्हतं. दांडा मोडला तर धावड्याचा नवा घालायचा, आणि तो घालणारा तीच कुऱ्हाड उगारायचा. सैल राहिला तर आधी त्यालाच कळायचं.

मी मेकॅनिकला सांगितलं की ढाल आणि पट्टा मिळाल्याशिवाय पिस्टन बसवायचा नाही. महिनाभर शोधलं, धुळ्यापर्यंत. मिळाले नाहीत. मग त्याच मॉडेलची, ब्रेक शाबूत पण सिलिंडर गेलेली दुसरी मशीन त्याच्याकडे आली. तिला आमचा सिलिंडर बसवून दे, म्हटलं.

त्याआधी एकदा धडगावचा तो माणूस आला होता. नवी मूठ लावलेली मशीन त्याने टेबलावरून उचलली. काम सुरू करण्याआधी डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकलून पाहायची त्याची सवय. मनगट रिकाम्या जागेतून पुढे गेलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मशीन परत ठेवली.