चांगल्या अध्यक्षालाही मुदत

भारताच्या राष्ट्रपतीने किती वेळा निवडून यावे, यावर राज्यघटनेत मर्यादा नाही. 1948 च्या मसुद्यात ती होती. पदावरच्या व्यक्तीला पुन्हा एकदाच निवडून येता येईल, असे त्यात लिहिले होते. अंतिम अनुच्छेद 57 मध्ये ही अट ठेवली गेली नाही. तरीही डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याखेरीज कोणीही या पदावर दोनदा निवडून आलेले नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे अट नसल्याने फारसे बिघडलेही नाही. अमेरिकेत अध्यक्ष स्वतः राज्यकारभार करतो, म्हणून तिथे हा प्रश्न जिवंत राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन दोन कार्यकाळांनंतर 1797 मध्ये स्वतःहून बाजूला झाले आणि तो पायंडा सुमारे दीडशे वर्षे टिकला. फ्रँकलिन रूझवेल्ट 1932 ते 1944 या काळात चार वेळा निवडून आले. त्यानंतर 1951 मध्ये 22 व्या घटनादुरुस्तीने दोन निवडणुकांची मर्यादा कायद्यात आली. चीनने 2018 मध्ये नेमकी अशीच मर्यादा काढून टाकली.

अहिल्यानगर जिल्ह्याचा या प्रश्नाशी एक जुना संबंध आहे. नोव्हेंबर 1937 मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख आला. काँग्रेसच्या अध्यक्षाला तेव्हा राष्ट्रपतीच म्हणत, आणि लेखाचा विषय होते जवाहरलाल नेहरू. लखनौ आणि खानदेशातील फैजपूर अशा लागोपाठ दोन अधिवेशनांचे ते अध्यक्ष झाले होते. त्यांना तिसऱ्यांदा निवडू नये, अफाट लोकप्रियतेने माणसात हुकूमशहा जागा होऊ शकतो, असा इशारा लेखात होता. लेखक स्वतः नेहरूच होते. पुढच्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस झाले. ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 नेहरू याच जिल्ह्यातील नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. सोबत मौलाना आझाद होते. 1940 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नेते तुरुंगात असल्यामुळे निवडणूक होऊ न शकल्याने 1946 पर्यंत त्याच पदावर राहिले. पद लांबण्याची कारणे प्रामाणिकही असू शकतात, हे त्यातून दिसते. नेहरू स्वतः पुढे 1947 पासून 1964 पर्यंत पंतप्रधान राहिले. त्या पदाला मुदत नव्हती आणि आजही नाही. संसदीय पद्धतीत सभागृह नेत्याला कधीही खाली उतरवू शकते, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो खरा आहे, पण सभागृहाला तशी हिंमत असेल तरच.

जिल्ह्यातील रोजच्या जगण्यावर राष्ट्रपतींपेक्षा चेअरमनचा परिणाम अधिक होतो. साखर कारखाना, जिल्हा बँक, सेवा सोसायटी, दूध संघ, शिक्षण संस्था: प्रत्येकाच्या अध्यक्षाच्या हातात नोकरभरती, कर्ज, सभासदत्व आणि ऊसतोडीची पाळी यांपैकी काही ना काही असते. विरोधी पॅनलमधल्या सभासदाचा ऊस शेतात मागे राहतो, ही तक्रार ऊसपट्ट्यात फार जुनी आहे. ज्याच्याकडे तोडीची पाळी, त्याच्या विरोधात अर्ज भरणे ही साधी गोष्ट नसते. म्हणून निवडणूक दर पाच वर्षांनी होते, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सहकाराविषयीच्या 97 व्या घटनादुरुस्तीने संचालक मंडळाची मुदत 5 वर्षे आणि संचालकांची संख्या जास्तीत जास्त 21 केली. पण एकाच माणसाने किती वेळा निवडून यावे, याबद्दल तिने काही सांगितले नाही. राज्यांच्या सहकारी संस्थांपुरती ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्दही केली.

सहकाराच्या या चळवळीची सुरुवात वेगळी होती. प्रवरा सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव शेतकरी जमवले विठ्ठलराव विखे पाटील यांनी, पण पहिले अध्यक्ष झाले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. संस्था उभी करणाऱ्यानेच खुर्चीत बसले पाहिजे, असे तेव्हा कोणी मानले नाही.

मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्याने हिवरे बाजारला उत्तर दिले पाहिजे. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे बिनविरोध सरपंच झाले. दुष्काळी नगर तालुक्यातले ते गाव पाणलोटाच्या कामाने सावरले, आणि ते काम एका कार्यकाळात होणारे नव्हते. बांध घालणे, झाडे जगवणे, कूपनलिका आणि ऊस यांना नकार देणे, याला वर्षानुवर्षे सातत्य लागते. पाच वर्षांनी नेतृत्व बदलले असते तर हे टिकले असते का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो टाळता येत नाही. मात्र तिथले सातत्य पदात नव्हते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाण्याचा ताळेबंद हे निर्णय ग्रामसभेचे होते. सरपंचपदावर पुढे इतर व्यक्तीही आल्या. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाचे आरक्षण फिरते असल्याने ते पद एकाच घरात कायम राहणे अवघड झाले. ही न सांगितलेली मुदतच आहे, आणि गावगाड्याला तिने बरेच काही दिले. सुमारे तीस वर्षांनी, 2021 मध्ये, हिवरे बाजारला ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले. पवारांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. आधीच्या बिनविरोध निवडींपेक्षा हा विजय मोलाचा मानला पाहिजे, कारण यावेळी गावकऱ्यांपुढे नकाराची वाट उघडी होती.

मुदत भ्रष्ट अध्यक्षासाठी असते, हा समज अपुरा आहे. भ्रष्टाला चौकशी आणि कायदा आहे. मुदतीची खरी गरज चांगल्या अध्यक्षाच्या बाबतीत असते, कारण त्याला जा म्हणायला कोणाला धीर होत नाही. वीस वर्षे नीट काम केलेल्या माणसाला सर्वसाधारण सभेत हिशेब विचारला, तर तो अविश्वास ठरतो. त्याच्याविरुद्ध उभा राहणारा कृतघ्न ठरतो. हाताखालची माणसे निर्णय घ्यायला शिकत नाहीत. वार्षिक सभेत ठराव वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ ऐकू येते. आधीच ठरलेली मुदत संपली, तर त्याला मानाने निरोप देता येतो आणि कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मुदतीची कमजोर बाजूही मान्य केली पाहिजे: पद सुटते, पकड सुटत नाही. मुलगा, सून, पुतण्या किंवा विश्वासू माणूस खुर्चीत बसतो आणि फोन जुन्याच बंगल्यावर जातो. त्यामुळे मुदतीसोबत भरती, कर्ज आणि ऊसतोड यांचे लेखी, सर्वांना पाहता येणारे नियम लागतात. सहकारी बँकांच्या बाबतीत कायदा थोडा पुढे गेला आहे. 2020 च्या दुरुस्तीने संचालकांच्या सलग कारकिर्दीवर 8 वर्षांची मर्यादा आली आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ती 10 वर्षे झाली. इतर संस्थांना कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून उपविधीत दुरुस्ती सुचवावी आणि निबंधकाकडे मंजुरीसाठी पाठवावी. अध्यक्षपद सलग दोन कार्यकाळ, मग एक कार्यकाळ खंड, एवढी ती पुरेशी आहे. असा ठराव नव्या अध्यक्षाच्या पहिल्याच वर्षी आणणे सर्वांत सोपे, कारण तेव्हा तो कोणाच्याही विरोधात नसतो.